सुखमतीबाईंच्या विहिरीचं पाणी

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही — बायकोपाशीही नाही, आणि तिला वाटतं, माझं तिच्यापासून काही लपलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. की हीसुद्धा एक पळवाटच?

मी रायपूरच्या एका प्रयोगशाळेत पाणी तपासतो. तिथल्या तात्यापाऱ्यात, जुन्या मराठी वस्तीत, आमच्या घराण्याचं नाव आहे, आणि माझी ख्याती काटेकोर माणूस म्हणून.

तर — उत्तरेला, कोळशाच्या पट्ट्यात, एक कंपनी गॅस काढणार होती. खोल बोअर मारायचा, रसायन मिसळलेलं पाणी जोरात आत घुसवून थराला भेगा पाडायच्या, की गॅस वर येतो. त्याआधी आसपासच्या विहिरींचे नमुने घेऊन ठेवतात. उद्या पाणी बिघडलं, तर आधी ते कसं होतं हे सांगणार कोण? ते सांगण्यासाठीच मला पाठवलं होतं.

शेवटच्या गावातल्या सुखमतीबाईंची विहीर तेवढी राहिली होती. भाद्रपद चालू होता, दुसऱ्या दिवशी घरी महालक्ष्म्यांचं जेवण. आईचा फोन येऊन गेला होता, "पुरणाचा सैपाक करून राहिली मी, अन् तूच नसशील तं काहून करू?" रात्रीची गाडी चुकवायची नव्हती. दारात पाऊल टाकताच सुखमतीबाईंनी, तिकडच्या रीतीप्रमाणे, लोटाभर पाणी समोर ठेवलं. विहिरीचंच. मी प्यायलो. विहीर मात्र नाल्यापलीकडे, आणि नाला कमरेइतका भरलेला. लोट्यातलं पाणी नमुना म्हणून चालत नाही — हा नियम मी पाळला बरं का. मग सडकेवरच्या हातपंपाखाली बाटली धरली आणि वर सुखमतीबाईंच्या विहिरीचं नाव लिहिलं. तो पंप खारट आहे, हे मला माहीत नव्हतं? त्याच पाण्याची चूळ भरून मी थुंकलो होतो.

घरी वेळेवर पोहोचलो. पुरणपोळी खाल्ली. झोपही छान लागली, हे सांगायची लाज वाटते.

पुढे बोअर झाले, आणि त्यांच्या विहिरीचं पाणी खारट झालं, वास मारू लागलं. गुरं तोंड लावेनात. गावकरी रायपूरला आले, सरकारी अधिकाऱ्यासमोर बैठक झाली. कंपनीच्या माणसानं शांतपणे सांगितलं, ही विहीर आधीपासूनच खारी, तपासणीत तसंच आलंय. माझ्या तपासणीत. तेव्हा सुखमतीबाई उठल्या आणि त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"ए साहेब हमर कुआँ के पानी पीये हे. एही ल पूछ लव."

साहेब आमच्या विहिरीचं पाणी प्यायलाय, त्यालाच विचारा — किती भरवसा होता त्या आवाजात. मी त्यांची सुटका करायलाच तिथे बसलोय, असं त्यांना वाटत होतं. अधिकाऱ्यानं मला विचारलं, कसं होतं पाणी?

"याद नहीं," मी म्हणालो.

त्या भांडल्या नाहीत. खाली बसल्या. आता त्यांच्या पाड्यावर टँकर येतो म्हणतात. कधी येतो, कधी येत नाही.

नोकरीची भीती होती का? होती. पण भीतीनं माणूस विसरत नाही. दरवर्षी महालक्ष्म्यांच्या पंगतीत बायको माझ्या पानाशी पाण्याचा पेला ठेवते, आणि मला ते पाणी आठवतं. गोड होतं. लोटा संपवून मी आणखी मागून प्यायलो होतो.