जानकीच्या तोंडात पाणी

“जानकी मेली रे मेली की दोरी सोड. वन्स मोअर ओरडायला कुणाला उसंतच देऊ नकोस!” मालकांनी मला पुन्हा बजावलं. कंपनीत पडदा माझ्याकडे होता. दोरी धरली की पडदा वर, सोडली की धाडकन खाली. काम एवढंच, पण नाटक बुडवायला तेवढं पुरतं.

आमचं संगीत नाटक एका जुन्या, नावाजलेल्या कादंबरीवरचं. सासरच्यांनी टाकलेली जानकी शेवटी एकटीच मरते, आणि मरताना गाते. गाणाऱ्या सुमनताई. त्यामुळे पुण्यात हटकून ‘वन्स मोअर’ यायचा, म्हणजे गाणं पुन्हा म्हणा. मग मेलेली जानकी उठायची, पदर सारखा करायची, गायची आणि पुन्हा मरायची. पुण्याच्या एका बड्या टीकाकारांनी छापलं, ‘कादंबरीत जानकी एकदा मरते, नाटकात तीनदा.’ झालं! बुकिंग बसलं.

मालकांनी हातापाया पडून त्यांना मुठा गावच्या जत्रेतल्या प्रयोगाला आणलं. आता त्यांनी पुन्हा तसंच लिहिलं, तर नाटक बंद आणि कंपनीही बंद.

डोंगरावरच्या वाड्यावस्त्यांतून माणसं उतरली होती. पुढे बायका, मागे पुरुष. खुर्ची एकच, तीत टीकाकार.

शेवटचं गाणं सुरू झालं. सुमनताई त्या दिवशी अशा गायल्या, की माझ्या अंगावर काटा आला. गाणं संपलं. जानकीची मान कलायला लागली. मी दोरीची गाठ सोडवली. इतक्यात पुढच्या बायकांतून एक म्हातारी ताडकन उठली.

“अरं, पोर मरतीया हितं! तोंडात पानी घालाया कुनी न्हाई व्हय?”

आणि तांब्या घेऊन चढली की स्टेजवर!

“सोड दोरी! सोड!” विंगेतून मालक.

मी दोरी आणखी घट्ट धरली. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. म्हातारीनं जानकीचं डोकं मांडीवर घेतलं. सुमनताई जातिवंत नटी! डोळे न उघडता त्यांनी ओठ विलग केले, दोन घोट घेतले आणि मान टाकली. तेव्हा मी दोरी सोडली.

‘वन्स मोअर’ नाही. टाळी नाही. बाहेर नुसते हुंदके. मालक मटकन ट्रंकेवर बसले. “संपलं सगळं,” म्हणाले.

पडद्याआड जानकी उठून बसली. म्हातारीनं तिच्या पाठीत धपाटा घातला. “जित्ती हायेस व्हय! मग चल घरी जेवाया.” आणि तोंडाला रंग असलेल्या सुमनताईंना ती हाताला धरून घेऊनही गेली.

मागोमाग टीकाकार आत आले. डोळे लाल.

“पाण्याची कल्पना कुणाची?”

मालक टुणकन उठले. “माझीच!”

“आणि प्रेक्षकांत बसवलेली ती म्हातारी?”

“आमच्याच कंपनीतली, साहेब.”

“मेकअप अस्सल होता हो!”

मी हसू दाबायला पडद्यामागे पळालो.

परीक्षण आलं ते भरभरून. पुण्यात पुन्हा बोर्ड लागला, हाउसफुल्ल! तांब्या नाटकात कायमचा आला, म्हातारीचं काम मालकांच्या बहिणीकडे गेलं. पहिल्याच प्रयोगात जानकी गायली, पाणी प्यायली, मेली, आणि थिएटर गरजलं, “वन्स मोअर!”

मालकांना मोह आवरेना. विंगेतून खुणा करू लागले, थांब, थांब.

मी दोरी सोडली. जानकी एकदाच मेली.

पडदेवाल्यानं मालकाचं ऐकू नये, पब्लिकचंही ऐकू नये. मरणाऱ्याकडे बघावं. दोरी कधी सोडायची ते कळतं.