वरच्या घराच्या लूशाचं मत

टिनकप डोंगराच्या माथ्यावर, जिथे खुर्च्यांचा पाळणा माणसांना उतरवून रिकामा परत फिरतो, तिथे एक लाकडी घर आहे. नकाशात त्याला भारदस्त नाव आहे, पण आमच्या कूटनी खोऱ्यात त्याला सगळे 'वरचं घर'च म्हणतात. तिथल्या चुलीपुढे लूशा माकोर्टॉफने एकतीस हिवाळे काढले. सकाळी पहिल्या पाळण्याने वर जायचं आणि चार वाजता त्याच पाळण्याने खाली यायचं, मांडीवर पिशवी घेऊन, बाजार आटोपून बसने घरी निघालेल्या बाईसारखं. सगळं गाव स्कीवरून सूं सूं करत उतरायचं आणि ही वरून त्यांची गंमत बघत यायची.

कारण लूशाला स्की येत नव्हतं. पहिल्याच दिवशी तिने माथ्यावरून खाली डोकावून पाहिलं होतं आणि जाहीर केलं होतं, "मी इथे स्वयंपाकाला आलेय, मरायला नाही."

स्वयंपाक मात्र असा, की लोकांनी नाव काढावं. तिचे आजी-आजोबा रशियातून आलेले, डुखोबोर पंथाचे. मांस नाही, दारू नाही, बंदूक तर नाहीच नाही. त्यांचं बोर्श्ट नावाचं सूप म्हणजे कोबी, बटाटा, टोमॅटो, वर लोणी, साय आणि मूठभर शेपू. बीट घालायचं ते नुसतं रंगापुरतं. रंग उतरला की काढून टाकायचं. कुणी शहरी पाहुण्याने "यात बीट कुठंय?" असं विचारलं, तर लूशा म्हणायची, "काम झालं, घरी गेलं."

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना ग्रँट ऊलमन आला. टिनकप कुणा शेठजीचा नाही, गावच्या संस्थेचा आहे. संस्थेने नेमलेला हा नवा व्यवस्थापक. पोरगा वाईट नव्हता. हुशार होता, मान द्यायचा, फक्त त्याला प्रत्येक गोष्टीचे फायदे-तोटे कागदावर मांडायची खोड होती. फेब्रुवारीत त्याने वरच्या घराचा कागद मांडला. तोटे अकरा निघाले, फायदे दोन. निष्कर्ष: वरचं घर बंद करावं, पायथ्याशी नवं मोठं उपाहारगृह बांधावं. मार्चमधल्या सभेत सभासदांनी मत द्यावं.

लूशा तडक त्याच्या कचेरीत गेली.

"मला सभेत बोलायचंय."

ग्रँट उठून उभा राहिला. "मिसेस माकोर्टॉफ, माझी काहीच हरकत नाही. पण नियम आडवा येतो. सभेत बोलणार तो सभासद. आणि सभासद तोच, जो त्या हंगामात एकदा तरी माथ्यापासून पायथ्यापर्यंत मोठ्या उतरणीवरून स्कीने उतरलाय."

"हा कुठल्या शहाण्याने केला नियम?"

"नेल्स ऑसगार्ड यांनी. एकोणीसशे अठ्ठावन्न साली."

हे खरं होतं. नेल्स म्हाताऱ्याने आणि त्याच्या मित्रांनी कुऱ्हाडीने झाडं तोडून हा डोंगर मोकळा केला होता. खालच्या गावातल्या दुकानदारांनी नुसती वर्गणी भरून संस्था गिळू नये, म्हणून त्यांनी हे कलम घातलं. साठ-पासष्ट वर्षांत ते कुणाच्या वाटेत आलं नव्हतं. आलं ते एकतीस वर्षं रोज डोंगरमाथ्यावर जाणाऱ्या बाईच्या.

लूशाची मैत्रीण डोरीन त्या डोंगरावर जखमी लोकांना उचलून आणायचं काम करायची. ती म्हणाली, "तू कशाला मनाला लावून घेतेस? तुझ्या वतीने मी बोलते."

"तू काय बोलणार? सांडपाण्याची टाकी कुठे आहे, हे तरी ठाऊक आहे का तुला?"

"नाही."

"मग गप बस आणि मला स्की शिकव."

डोरीन आधी हसली. मग तिने लूशाचा चेहरा पाहिला आणि हसू आवरलं. वय वर्षं त्रेसष्ट, गुडघे कुरकुरणारे, हातात फक्त तीन आठवडे.

शिकवणी सुरू झाली ती बालवर्गाच्या उतारावर, चार-चार वर्षांच्या पोरांच्यात. तिथे स्कीची पुढची टोकं जुळवून मागची फाकवायला 'पिझ्झा' म्हणतात, म्हणजे वेग कमी होतो. "पिझ्झा कर, लूशा, पिझ्झा!" डोरीन ओरडायची. लूशा पिझ्झा करायची, पण एक तुकडा डावीकडे जायचा आणि एक उजवीकडे, आणि मधोमध लूशा. एक चिमुरडी रोज थांबून तिला सांगायची, "भिऊ नकोस, मीपण आधी अशीच होते." लूशा घरी जाऊन गुडघ्यांना मलम चोळायची आणि सकाळी पुन्हा हजर व्हायची. तिला मनातून भयंकर भीती वाटत होती. पण वरचं घर बंद पडलेलं बघण्याची भीती त्याहून मोठी होती.

सभा रविवारी चारला होती. मोठी उतरण राहिली होती ती राहिलीच होती, कारण डोरीन रोज म्हणायची, "अजून नको." शेवटी रविवार उजाडला. सकाळी अकरा वाजता लूशाने बोर्श्टचं पातेलं दुसऱ्या बाईच्या हवाली केलं, ॲप्रन सोडला आणि आयुष्यात पहिल्यांदा वरच्या घराच्या दारात स्की बांधली. खिडकीला नाकं लावून सगळे बघत होते. ती निघाली, मागोमाग डोरीन, आणि दहाच पावलांवर लूशा आपटली आणि आतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"नालायक मेले," लूशा बर्फ थुंकत म्हणाली आणि उठली.

चार किलोमीटरची उतरण. आडवं जायचं, वळताना पडायचं, उठायचं, पुन्हा आडवं जायचं. तासाभरात वारा सुटला, धुकं आलं आणि पाळणा थांबला. अर्ध्या वाटेवर ती एका देवदाराखाली बसली ती उठेचना. बोटं बधिर झाली होती, मांड्या थरथरत होत्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते सगळंच वाऱ्यामुळे नव्हतं.

डोरीन वाकून म्हणाली, "बर्फाचा ट्रॅक्टर बोलावू? कुणी नावं ठेवणार नाही."

"बोलावलास तर जन्मभर तुझं बोर्श्ट बंद."

लूशाने वळून वर पाहिलं. धुक्यात घर दिसत नव्हतं, नुसता धुराचा वास येत होता. आणि त्या वासाने तिला रडूच फुटलं. तिला तिथे जायचं होतं. दार ढकलून आत शिरावं, कुणीतरी हातात गरम वाडगा द्यावा, कुणी काही विचारू नये, एवढंच हवं होतं. एकतीस वर्षं तिने लोकांना असा वाडगा दिला होता, आणि तो घेताना लोक गप्प का होतात, हे तिला आज कळलं. तिने नाक पुसलं, डोरीनचा हात धरला आणि ती उभी राहिली.

पायथ्याला पोचायला दोन वाजले. बातमी आधीच खाली आली होती. माणसांच्या दोन रांगा उभ्या होत्या, हातातल्या काठ्या एकमेकींवर आपटून कडकडाट चालला होता. शेवटच्या वळणावर लूशा पुन्हा पडली, उरलेले पाच हात घसरतच आली आणि थेट नेल्स म्हाताऱ्याच्या पायांशी थांबली. साक्षीदार म्हणून तो तास दीड तास थंडीत उभा होता.

"किती वेळा पडलीस?" त्याने विचारलं.

"तुमच्या नियमात पडण्याबद्दल काही लिहिलंय?"

"नाही बुवा," नेल्स म्हणाला. "लिहिलं असतं तर मलाच मत मिळालं नसतं."

सभा खचाखच भरली होती. ग्रँटने शांतपणे कागद वाचला. पाणी वर चढवावं लागतं. नळ गोठतात. धान्य, सरपण, सगळं ट्रॅक्टरने न्यावं लागतं. वारा सुटला की स्वयंपाकीण वर आणि गिऱ्हाईक खाली. असे अकरा तोटे. मग त्याने स्वतःच म्हटलं, "आता सभासद लूशा माकोर्टॉफ बोलतील."

लूशा टेबलाला धरून उभी राहिली. "ग्रँटचा कागद चुकलाय."

लोक सरसावून बसले.

"तोटे अकरा नाहीत, चौदा आहेत. एप्रिलमध्ये सांडपाण्याची टाकी वितळते, तो वास तुमच्यापैकी कुणी घेतलेला नाही. कावळे लोणी पळवतात, डब्यासकट. आणि वर काम करणाऱ्याचे गुडघे जातात. लिहून घे, ग्रँट."

ग्रँटने खरंच लिहून घेतलं. हशा पिकला. लूशा हसली नाही.

"फायदा मी एकच सांगते, आणि तो मला आज दुपारी कळला. इतकी वर्षं मला वाटायचं, लोक माझ्या बोर्श्टसाठी येतात. नाही. खाली जेवतो तो माणूस घरी पोचलेला असतो, त्याला कुठेही जेवता येईल. वर जो दार ढकलतो त्याला अजून उतरायचं असतं. तो गारठलेला असतो, घाबरलेला असतो, आणि तसं कुणाला सांगत नाही. आज मी अर्ध्या डोंगरावर बसून रडले. मला पायथ्याचं मोठं उपाहारगृह नाही आठवलं. ते बांधा, जरूर बांधा. पण अर्ध्या वाटेवरच्या माणसाला काय देणार, ते आधी सांगा."

ती बसली. मागे कुणीतरी नाक शिंकरलं. ग्रँटने आपला कागद घडी घालून खिशात ठेवला.

"वरचं घर राहावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा," अध्यक्षाच्या खुर्चीतून नेल्स म्हणाला.

सभागृहात हातांचं रान उठलं. नेल्सने मोजायला सुरुवात केली आणि मधेच सोडून दिली. मोजण्यासारखं उरलंच नव्हतं. तेवढ्यात त्याचं पहिल्या रांगेकडे लक्ष गेलं आणि तो खवळला.

"लूशा! अगं बाई, सगळा डोंगर उतरलीस कशासाठी? हात वर कर!"

"करतेय की!" लूशा कळवळून म्हणाली. "खांदाच उचलत नाहीये मेला!"

मग डोरीनने तिचा हात मनगटाशी धरला आणि सगळ्यांना दिसेल असा उंच वर केला.