पलीकडचा कंदील

आगोटीची बेगमी करायची म्हणून काल माळ्यावरून मिठाची बरणी काढत होते, तेव्हा मागचा जुना कंदील हाताला लागला. आत थेंबभर रॉकेल नव्हतं, तरी वास आला आणि आई दिसली.

पावसाळा तोंडावर आला की सुकी मासळी, सुकी लाकडं, तांदळात पुरून ठेवलेल्या काड्यापेट्या, सगळं भरून झालं तरी तिचं एक काम उरायचं. बाबा मुंबईला असत. शेत आणि ओढ्यापलीकडच्या घरात सुलूकाकी राहायची, तिचाही नवरा मुंबईला. अशाच एका तिन्हीसांजेला आईने राखेने काच पुसली, कंदील पेटवून खिडकीत टांगला आणि तिथेच उभी राहिली.

"पाऊस कुठाय अजून? उगीच रॉकेल जाळतेस," मी कुरकुरले.

"व्हाळाला पाणी आलं की हाक पोचत नाय गो बाय, दिवा पोचतो. दिवा दिसला की समजायचं, माणूस बरं आहे. तो आजच बघून ठेवायचा."

थोड्या वेळाने पलीकडच्या खिडकीत पिवळा ठिपका उमटला. आई हसली आणि भाकऱ्या थापायला गेली. मला तो वेडेपणा वाटला होता.

आता घरात मी एकटीच आहे आणि काकीच्या घराला कुलूप आहे. पालीच्या बाजारातून चार्जिंगचा दिवा आणलाय. काल संध्याकाळी तो लावून खिडकीत ठेवला. कंदिलापेक्षा कितीतरी लख्ख.

पलीकडचा दिवा दिसेपर्यंत आई खिडकीतून हलायची नाही. मी किती वेळ उभं राहायचं?