नाही म्हणायचा सराव

आम्ही कबड्डी खेळायचो तेव्हा जिंकल्यावर स्टीलचा डबा मिळायचा. माझ्या आईनं स्वयंपाकघरात अशा डब्यांची उतरंड रचली होती. त्यामुळे परभणीच्या आमच्या कॉलेजातल्या एका पोरीला व्यावसायिक संघानं करारावर घेतलं, शिकता शिकताच तिचा पगार सुरू झाला आणि प्राचार्य मला म्हणाले, "आता हिच्याकडे तुम्हीच बघा," तेव्हा मी गोंधळलेच. खेळ शिकवणं माझं काम. पगारदार खेळाडूला आणखी काय शिकवायचं असतं, ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

पोरगी राणीसावरगावकडची. घरी मेंढरं. दिवाळी झाली की बाप कळप घेऊन निघायचा, तो पावसाळ्याच्या तोंडाला परतायचा. ती चढाईला गेली की समोरच्या बचावाची हातांची साखळी विस्कटायची. मैदानाबाहेर मात्र मान कायम खाली. पगार सुरू झाल्यावर तर हद्दच झाली. कुणी सत्काराला बोलावलं, ही जायची. दुकानाच्या उद्घाटनाला बोलावलं, जायची. सरावाच्या वेळी कुणाच्या तरी नव्या मोटारसायकलीशेजारी फोटोला उभी असायची.

"नाही का म्हणत नाहीस गं?"

"मोठी मानसं हायत मॅडम. कसं म्हनावं?"

म्हणून आम्ही त्याचाच सराव सुरू केला. सकाळी कृषी विद्यापीठाच्या रस्त्यावर पळून झालं की कडेच्या कडुलिंबाखाली बसायचो. तिचा करार आम्ही तिथेच वाचला, अडलेला शब्द मोबाइलवर बघत बघत. मग मी कधी पुढारी व्हायचे, कधी दुकानदार, कधी संघाचा मॅनेजर. "उद्या येतेस ना?" असं जाड आवाजात विचारायचे. तिनं फक्त नाही म्हणायचं. ती तोंडावर हात ठेवून हसायची आणि म्हणायची, "येते." पावसाळा संपला, थंडी पडली, तरी तेच. हे काही आपल्याला जमलेलं नाही, असं मी मनाशी कबूल करून टाकलं.

त्याच थंडीत तिच्या संघाचा एक प्रदर्शनी सामना परभणीत झाला. तिला नुकतंच कर्णधार केलं होतं. गावाकडून टेम्पो भरून माणसं आली होती, कॅमेरे लागले होते. मी खेळाडूंच्या बाकामागेच बसले होते, म्हणून पुढचं सगळं मला ऐकू आलं.

मध्यंतराला संघातली सगळ्यात लहान मुलगी लंगडत बाहेर आली. बूट काढला तर घोटा टम्म सुजलेला. मॅनेजर तिच्यावर वाकून म्हणाला, "स्प्रे मार, पट्टी बांध आणि जा आत. पोस्टरवर तुझा फोटो आहे, लोक तुला बघायला आलेत." मुलगी रडत रडत बूट चढवायला लागली.

आमची पोरगी पाणी पीत होती. तिनं बाटली खाली ठेवली आणि त्या दोघांच्या मधे येऊन उभी राहिली.

"न्हाई," ती म्हणाली. "ती खेळनार न्हाई."

मॅनेजर सरळ झाला. "तू कर्णधार आहेस, मालक नाहीस. करारावर सही केलीय ना तिनं?"

"केलीय. माझ्यावानीच केलीय. दुखलं-खुपलं तर डॉक्टर म्हनंल तसं, असं लिव्हलंय त्यात. आधी डॉक्टरला बोलवा."

"आणि हरलो तर?"

"हरू."

आवाज चढला नव्हता, मान खाली गेली नव्हती. इतके महिने जो शब्द स्वतःसाठी तिच्या तोंडून एकदाही निघाला नव्हता, तो त्या लेकरासाठी असा निघाला, जणू तिथेच कुठेतरी तयार होता.

राखीव मुलगी आत गेली. संघ मागे पडत गेला. शेवटच्या चढाईत आमच्या पोरीला चौघींनी धरलं. कंबर एकीच्या हातात, पाय दुसरीच्या, वर दोघी पाठीवर. तरी ती मॅटवरून इंच इंच सरकत होती, आणि त्या ढिगाखालून तिचा दम ऐकू येत होता, कबड्डी, कबड्डी, कबड्डी. बोटं मध्यरेषेला लागली तेव्हा सगळी माणसं उठून उभी राहिली. मलाही कळलं नाही मी कधी उभी राहिले ते. सामना थोडक्यात गेलाच.

दवाखान्यात नेताना रिक्षात आम्ही तिघी होतो. खड्ड्यात गचका बसू नये म्हणून तिनं त्या मुलीचा पाय मांडीवर घेतला होता. एक्स-रेत घोट्याचं हाड चिरलेलं दिसलं. "यावर खेळली असती तर खेळ कायमचा गेला असता," डॉक्टर म्हणाले. मॅनेजर बरेच दिवस फुगून होता. करार मात्र दोघींचेही टिकले, आणि पुढच्या हंगामात ती लहान मुलगी पुन्हा मैदानात उतरली.

सामन्याच्या त्या संध्याकाळी दवाखान्याच्या बाकावर मी आमच्या पोरीशेजारी बसून होते. कोपराचं कातडं सोललेलं, केस घामानं चिकटलेले. शाबासकी द्यावी म्हणून मी हात उचलला, पण तिच्या पाठीवर ठेवायला तो धजेना. मी नुसती बघत राहिले.