महेशभाऊजींच्या घरचा सत्यनारायण

हे मी माझ्या नवऱ्यालाही कधी कळू दिलेलं नाही. तुम्हाला सांगते — आता पोटात ठेववत नाही.

मी लंडनजवळ हॅरोला जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, होते. आणि मला क्लस्टर हेडेक होता. नुसती डोकेदुखी नव्हे हो — एका डोळ्यात कुणी तापलेली सळई फिरवावी तसं, रोज, आठवडेच्या आठवडे. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, ऑक्सिजन झाला. मग एक पेशंट म्हणाला, त्याचं मॅजिक मश्रूमनं थांबलं — ती नशेची अळंबी. तेव्हा ताजी मश्रूम लंडनच्या बाजारात उघड मिळायची. गेले, आणली, घरात कुणी नसताना खाल्ली. मी — चहाखेरीज कसलीच सवय नसलेली बाई! दुपारभर वॉलपेपरवरची फुलं हलत होती. आणि दुखणं? गेलं. अहो, खरंच गेलं! ढसाढसा रडले मी, आनंदानं.

त्याच आठवड्यात सासूबाईंनी माझ्यासाठी सत्यनारायण घातला होता. श्रेय देवाला गेलं. मी जाऊ दिलं. डॉक्टरीणबाईंनी मश्रूम खाल्ली, हे महाराष्ट्र मंडळातल्या बायकांना कोण सांगणार?

पुढच्या वर्षी माझ्या धाकट्या दिरांना, स्लाऊच्या महेशभाऊजींना, तेच दुखणं लागलं. भिंतीवर डोकं आपटायचे. एकदा मला एकटीला गाठून म्हणाले, "वहिनी, खरं सांगा — तुमचं कशानं गेलं?"

सगळ्यांचंच त्यानं जातं असं नाही, हे मला ठाऊक होतं. पण सांगायला काय जात होतं? मश्रूमवर बंदी नंतर आली. तेव्हा विक्री चालूच होती. म्हणजे तेही कारण नाही. मला फक्त माझं नाव जपायचं होतं. मी म्हणाले, "सत्यनारायण घाला."

देवापुढे कधी हात न जोडणारा माणूस — त्यानं घातला. कथा चालू असतानाच कळ आली. एका डोळ्यातून पाणी वाहत होतं, तरी उठले नाहीत. पाचही अध्याय ऐकले. मग मोठी वहिनी म्हणून माझ्या पाया पडले. आणि मी — डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला! वर प्रसादाचा शिरा दोनदा मागून घेतला.

हुश्श. सांगितलं एकदाचं. किती मोकळं वाटतंय म्हणून सांगू! भाऊजींचं दुखणं अजून दर हिवाळ्यात येतं. उद्या स्लाऊला जाऊन हेच सगळं त्यांच्यासमोर बोलणार आहे. माफी तेवढी मागणार नाही. मागितली, तर ते लगेच माफ करतील.