पंचफुलाची सीट

देवराव आणि पंचफुला हे आर्णीजवळच्या एका खेड्यातलं जोडपं. आठवडी बाजारांत सुकी मिरची नि मसाला विकणं हा त्यांचा धंदा. पिकअप देवराव चालवायचा, शेजारी पंचफुला बसायची, मागे पोती. बाजारात मात्र सगळा कारभार तिचा. कोणाला झोंबणारी मिरची लागते आणि कोणाला नुसता रंग, हे देवरावला अजूनही नीट सांगता येत नाही.

मागच्या हिवाळ्यात नळाजवळच्या ओल्या फरशीवर ती घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. यवतमाळला ऑपरेशन झालं. काही महिन्यांनी ती काठी घेऊन अंगणभर फिरू लागली, तेव्हा डॉक्टरांनी थोडाफार प्रवास चालेल म्हणून सांगितलं. फक्त बूड खाली आणि गुडघे वर, असं बसायचं नाही, हे दोनदा बजावलं.

तोवर देवराव एकटाच बाजार करत होता आणि अर्धा माल परत आणत होता. बाया तुझी चौकशी करतात, असं तो एकदा बोलून गेला. पुढच्या बाजाराला पंचफुला साडी बदलून गाडीजवळ उभी.

उलट्या ठेवलेल्या क्रेटवर पाय देऊन ती कशीबशी चढली. गावाबाहेरचे खड्डे लागले तशी तिने खिडकी घट्ट धरली, आणि थोड्याच वेळात गाडी थांबवायला सांगितली. उतरून ती बराच वेळ दाराला टेकून उभी राहिली. देवरावने गाडी घराकडे वळवली. घरी आल्यावर म्हणाला, बाजार माझ्यावर सोड, तू घरी मिरच्या निवडत जा.

"पाय माहा बरा हाय," पंचफुला म्हणाली. "सीट खराब हाय."

त्यात खोटं काही नव्हतं. इतक्या वर्षांत सीटचा फोम दबून तिथे खड्डा पडला होता.

आर्णीत श्रावण नावाचा सीट बनवणारा आहे. तिने गाडी त्याच्याकडे न्यायला लावली. त्याने जाड, मऊ फोम घालून वरून लाल रेग्झिन चढवलं. दिसायला अगदी सोफा. पंचफुला बसली आणि पार आत रुतली; गुडघे आणखीच वर आले. सवय होईल, असं श्रावणचं म्हणणं. देवरावला वाटलं, आता ही नाद सोडेल.

दुसऱ्या दिवशी तिने घरातली लाकडी खुर्ची गाडीत टाकायला लावली. श्रावणच्या दुकानासमोर ती मांडून तिच्यावर बसली.

"याच्यावर मी दिवसभर मिरच्या निवडते. दुखत नाई. मले गाडीत अशीच जागा पाह्यजे."

श्रावण कधी खुर्चीकडे, कधी तिच्या गुडघ्यांकडे बघत राहिला. मग त्याने नवी सीट उसवली. खालची लोखंडी पट्टी वाकलेली निघाली. ती सरळ करून त्याने वर प्लायवूड ठोकलं, त्यावर कडक फोम आणि अगदी वर मऊ पातळ थर. पाठीमागची पोकळी भरली. उंची वाढवल्यावर डोकं टपाला लागत नाही ना, पट्टा कंबरेवर नीट बसतो ना, हेही पाहिलं. शेजारच्या वेल्डरने दाराखाली पायरी आणि आत धरायला मूठ जोडून दिली. पंचफुला सारखी चढत-उतरत होती आणि दरवेळी काय टोचतं ते सांगत होती. शेवटी श्रावण वैतागला. विमानातसुद्धा अशी सीट नसेल, म्हणाला.

"विमानाचं मले काय करायचं? मले पुसदले जायचं हाय."

आर्णीचा बाजार सुखरूप पार पडला. लांबच्या पुसदला न्यायला मात्र देवराव तयार नव्हता. वाटेत थांबत थांबत जाऊ, या बोलीवर त्याने एकदाची गाडी काढली. अर्ध्या रस्त्यात खुबा ठणकू लागला. पंचफुला उतरली आणि काठी टेकत गाडीभोवती फेऱ्या मारू लागली. देवराव वापस जाऊ म्हणत होता. तिने मूठ धरली, पायरीवर पाय दिला आणि वर चढून बसली.

"चला."

पोचायला उशीर झाला. त्यांच्या नेहमीच्या जागेवर भांडीवाला बसला होता. तिने वाद घातला नाही. पार टोकाला, रस्त्याकडेला ताडपत्री अंथरायला लावली, सोबत आणलेली खुर्ची ठेवून घेतली आणि पोत्यांची तोंडं उघडायला सांगितली. गर्दीतून एक ओळखीची बाई वाट काढत आली. इतके दिवस कुठे होतात, तब्येत कशी आहे, विचारू लागली.

"बरी हाय," पंचफुला म्हणाली आणि तिने तराजू हातात घेतला.