ताईच्या मनीप्लांटच्या फांद्या

ताई गेल्यावर दोन-तीन महिन्यांनी भाऊजींनी तिरोड्याचं भाड्याचं घर सोडायचं ठरवलं. मूलबाळ नव्हतं. कामठ्याला त्यांच्या भावाची धानाची शेती होती, तिकडेच जाऊन राहणार होते. सामान आवरायला मी आणि माझा नवरा कुडव्याहून गेलो होतो.

साड्या, भांडी, शिलाई मशीन, सगळ्याला कोणी ना कोणी मिळालं. राहिली खिडकीतली झाडं. ताई आजारी पडल्यापासून त्यांच्याकडे कोणी पाहिलंच नव्हतं. बरीच वाळली होती. मनीप्लांट तेवढा खिडकीच्या जाळीला धरून हिरवा होता. वेल जाळीत इतका गुंतला होता की कुंडी उचलली तर तो तुटणारच होता.

"हे कायले नेता?" भाऊजी म्हणाले. "राहू दे इथंच."

मी कात्री घेतली आणि हाताला लागतील तशा फांद्या कापल्या. ओल्या टॉवेलात गुंडाळून, गाडीवर मांडीवर धरून घरी आणल्या.

मला झाडांचं काही कळत नव्हतं. ते ताईचं काम. मी लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांमध्ये पाणी भरलं, त्यात फांद्या उभ्या केल्या आणि छान ऊन मिळावं म्हणून गच्चीच्या दारात ठेवल्या. आठवडाभरात पाणी गढूळ झालं. देठं खालून काळी पडली, हात लावला की बुळबुळीत लागायची. पार सडलेल्या फांद्या एकेक उचलून फेकताना मला जे रडू आलं, तसं तेरवीलाही आलं नव्हतं. तेव्हा घर पाहुण्यांनी भरलं होतं आणि मी चहा देत फिरत होते.

त्याच दिवसांत भाऊजी बँकेच्या कामानं गोंदियाला आले आणि जवळच कुडव्याला आमच्याकडे जेवायला थांबले. हात धुताना त्यांना बरण्या दिसल्या.

"असं नाही लागत ते," ते म्हणाले.

"मग कसं?"

त्यांनी एक फांदी पाण्यातून काढली, देठावरची फुगीर गाठ मला दाखवली. "इथून मूळ निघते. हिच्या खालून कापाव लागते. तू दोन गाठीच्या मधातूनच कापलं. अन् पाण्यात पान बुडालं का सडते. उन्हात तं ठेवूच नोको."

"तुम्हाला कसं माहीत?"

"ती करे तवा मी बसून राहो ना बाजूले. कात्री मीच देत जाओ."

त्यांनी कात्री मागितली. उरलेल्या फांद्यांचे सडके भाग कापले, खालची पानं खुडली, पाणी बदललं. एवढं करताना ते तिच्याबद्दल बोलत राहिले. ती गेल्यापासून पहिल्यांदाच. जेवण निवून गेलं, पण मी त्यांना उठा म्हटलं नाही.

त्यातल्या दोन फांद्या जगल्या. गाठीजवळ आधी पांढरा टिपका आला, मग दोऱ्यासारखी मुळं. बोटभर झाल्यावर मी त्या मातीत लावल्या. एक कुंडी भाऊजी कामठ्याला घेऊन गेले.

पुढं वर्ष उलटलं. एक दिवस भाऊजी न सांगता आले. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले, धानाच्या रोवणीचं, पाण्याचं. मग मान खाली घालून म्हणाले, "घरचे लग्नाचं म्हणून राहिले. बाई चांगली आहे. तिचाही नवरा वारला. तुले राग तं नाही येनार?"

राग आला होता. "तुमचं आयुष्य आहे भाऊजी," एवढंच मी म्हटलं आणि चहा ठेवायला आत गेले. लग्न मंदिरात झालं. आम्ही गेलो, जेवलो, परत आलो. मी तिच्याशी एक शब्द बोलले नाही.

पावसाळ्याच्या शेवटी ती दोघं आमच्या दारात उभी. तिच्या हातात ती कुंडी. वेल खालून पिवळा पडला होता.

"पाणी तं रोज टाकतो मी," ती म्हणाली. "तरी असं होऊन राहिलं. घरातले म्हणतात, फेक. पण त्यायचं झाड आहे, कसं फेकू? तुम्ही पाहा न."

मी माती दाबून पाहिली. चिखल झाला होता, मुळं कुजली होती. फेकू नये म्हणून तिनं जपलं होतं, आणि जपण्यानंच ते मरत होतं. वरचा भाग मात्र अजून हिरवा होता.

"बस," मी म्हटलं.

दोघी ओट्याशी बसलो. गाठ कुठं असते ते मी तिला दाखवलं. पहिली फांदी मी कापली, बाकीच्या तिनं. सावकाश, एकेक गाठ बोटानं चाचपून. भाऊजी बाहेरच्या खोलीत माझ्या नवऱ्याशी बोलत होते.

"कशा होत्या त्या?" तिनं हळूच विचारलं. "हे काही सांगत नाहीत. मीही विचारत नाही."

मला वाटलं, चांगलं चांगलंच तोंडात येईल. पण मी म्हटलं, "तापट होती. भांडायची फार. अन् भांडण झालं का झाडांशी बोलत बसे."

ती हसली नाही. कात्री हातात तशीच धरून ऐकत राहिली. मी सांगत गेले. चहाचं आधण दोनदा आटलं.

जाताना ती गाडीवर भाऊजींच्या मागं बसली. नव्या कापलेल्या फांद्यांच्या बरणीतलं पाणी सांडू नये म्हणून एक हात वर ठेवून, दुसऱ्यानं खालून आधार देऊन. "सावकाश चालवा," ती त्यांना म्हणाली.